सॉर्टचा मॅक्रो आणि सत्तावन्नावी ओळ

दिवाळी पाडव्याला गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघाला, त्या दिवशी आमच्या अडतीत 54 शेतकऱ्यांची आवक होती. आकडा पक्का लक्षात आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्या 54 नीच घातला.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या पेढीवर दिवाणजी. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली तेव्हापासून या गावात गुळाचा हिशेब कोण ना कोण लिहितोच आहे. माझ्या वाट्याला खतावणीच्या जागी एक्सेल आलं, एवढाच फरक. संध्याकाळी सौदे संपले की नोंदी गावाप्रमाणे लावायच्या आणि पट्ट्या (म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) काढायच्या. रोज तेच सॉर्ट, तेच क्लिक. म्हणून पाडव्याच्या रात्री मी मॅक्रो रेकॉर्ड केला (म्हणजे एकदा केलेले क्लिक एक्सेलनं टिपून ठेवायचे आणि सांगितलं की तसेच पुन्हा करायचे), त्याचं बटण केलं, अण्णांना (म्हणजे मालकांना) दाखवलं. अण्णा म्हणाले, "लई भारी. रोज एवढंच दाबायचं?" मी म्हटलं, एवढंच.

त्या वेळी माझ्या शीटवर पहिल्या ओळीत पेढीचं नाव, दुसरीत सौद्याची तारीख, तिसरीत मथळे आणि चौथीपासून नोंदी होत्या. 54 नोंदी म्हणजे शेवटची नोंद 57व्या ओळीत. कॉलम ए ते एच: अनुक्रमांक, शेतकरी, गाव, रवे (म्हणजे गुळाच्या ढेपा), प्रकार, वजन, दर, रक्कम.

आठवडाभरात आवक वाढली. बटण दाबलं की वरच्या नोंदी गावाप्रमाणे लागायच्या आणि खालच्या जशा टाइप केल्या तशाच पडून राहायच्या. हे डोळ्यांना दिसतं, म्हणून लगेच कळलं. आधी कागल, मग पन्हाळा, मग शिरोळ, आणि 57व्या ओळीखाली पुन्हा कागल. मी खालच्या हातानं लावून घेतल्या आणि "नंतर बघू" म्हणून सोडून दिलं. ही चूक नंबर एक.

नंबर दोन दिसली नाही, म्हणून ती महागात गेली. भाचा म्हणाला, मामा, पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवत जाऊ. एचच्या शेजारी आय कॉलममध्ये त्यानं सगळ्यांचे मोबाईल नंबर टाकले. मी नेहमीसारखं बटण दाबलं. नावं हलली, गावं हलली, रकमा हलल्या. मोबाईल नंबर हलले नाहीत. मॅक्रोला ए ते एच एवढंच ठाऊक होतं, आय त्याच्या गावीही नव्हता. रात्री आठ वाजता पहिला फोन आला, "अवो दिवाणजी, माझं बारा रवं, हितं चाळीस लिवल्यात. एवढा ऊस तरी हाय का माझ्याकडं?" मग दुसरा, मग तिसरा. चाळीस रव्यांचे पैसे बघून कुणी खूश होऊन गप्प बसला नाही, ही आमच्या लोकांची बाजू. पण एकाच्या पट्टीवरची रक्कम दुसऱ्याला दिसली, हे काही चांगलं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी चहा पाजला आणि फक्त एवढंच विचारलं, "रोज एवढंच दाबायचं ना?"

त्यानंतर मी तो मॅक्रो उघडून बसलो. काय सापडलं आणि काय बदललं, ते लिहितो.

ऑल्ट धरून एफ11 दाबलं की मॅक्रोची खिडकी उघडते. डावीकडं फाइलमधल्या शीटची यादी, तिच्याखाली मॉड्यूल, म्हणजे मॅक्रो लिहिलेलं पान. मॉड्यूल1वर दोनदा क्लिक केलं की रेकॉर्ड झालेला मजकूर समोर येतो. आणखी एक. कोडचे शब्द मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फोनवर भाच्याला सांगतो तसेच. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत करायचे. शीटचं नाव लिहून डॉट मारला की पुढच्या शब्दांची यादी आपोआप उघडते, त्यामुळं स्पेलिंगची फार भीती नको.

रेकॉर्ड झालेल्या दहा-बारा ओळींत दोनच जागा कामाच्या असतात. एक, जिथं की:=रेंज("सी4:सी57") असं असतं. कशावरून लावायचं, ते तिथं. दुसरी, जिथं सेटरेंज रेंज("ए3:एच57") असतं. काय काय हलवायचं, ते तिथं. माझं दुखणं या दोन कंसांत होतं. मॅक्रो रेकॉर्ड करताना माझ्या मनात "सगळ्या नोंदी" होतं, एक्सेलनं मात्र त्या क्षणी जिथवर नोंदी होत्या तिथला पत्ता उतरवून घेतला. 57 तर 57. एच तर एच.

तुम्ही म्हणाल, एक्सेलमध्ये मधे कॉलम घातला तर सूत्रं आपोआप सरकतात की. सूत्रं सरकतात, मॅक्रो नाही. सेलमधलं सूत्र एक्सेलच्या ताब्यात असतं, ते त्याचे पत्ते सांभाळतं. मॅक्रोतला "सी4" मात्र अवतरणचिन्हातला नुसता मजकूर, दाराला लावलेल्या चिठ्ठीसारखा. घर हललं तरी चिठ्ठीवरचा पत्ता जुनाच. बीच्या पुढं नवा कॉलम घातलात तर गाव डीमध्ये जाईल आणि मॅक्रो सीमध्ये जे काही आलं असेल त्यावरून इमानेइतबारे सॉर्ट करेल. एररसुद्धा देणार नाही. हातानं एकच कॉलम निवडून सॉर्ट करायला गेलं तर एक्सेल निदान विचारतं, की शेजारचा मजकूरही घ्यायचा का. मॅक्रो काही विचारत नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला. 57 खोडून 5000 करायचं, एच खोडून झेड करायचं. रिकाम्या ओळी सॉर्टमध्ये तशाही खाली जातात, त्यामुळं काही दिवस हे चालतंसुद्धा. पण खाली बेरजेची ओळ असेल तर तीही नोंदींत घुसते, आणि उजवीकडं कुणी "उद्या हमालांचे पैसे द्यायचे" असं टिपण ठेवलं असेल तर ते कुठल्या तरी शेतकऱ्याच्या नावापुढं जाऊन बसतं. मोठा आकडा टाकणं म्हणजे मोठा अंदाज टाकणं. नोंदी कुठवर आहेत हे मॅक्रोनं दर वेळी शीटलाच विचारलं पाहिजे.

ते विचारण्याआधी एक अडचण फक्त आपल्या लोकांना येते, ती सांगतो. माझ्या शीटच्या टॅबवर "गूळ आवक" असं मराठीत लिहिलं होतं. मॅक्रोच्या खिडकीत तिथं "??? ???" अशी प्रश्नचिन्हांची रांग दिसली. ती खिडकी जुन्या वळणाची आहे, तिला देवनागरी कळत नाही. शीटवर मराठी झकास चालतं, कोडच्या आत गेलं की प्रश्नचिन्हं होतात. मग मॅक्रो त्या प्रश्नचिन्हांच्या नावाची शीट शोधतो, ती सापडत नाही, आणि "सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज" म्हणून नऊ नंबरची एरर येते. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी एवढ्याचसाठी टॅबची नावं बदलून इंग्रजीत केली. गरज नाही. डावीकडच्या यादीत प्रत्येक शीटला दोन नावं असतात. कंसात आपलं टॅबवरचं नाव, कंसाबाहेर शीट1, शीट2 असं अंतर्गत नाव. कोडमध्ये ते बाहेरचं नाव थेट वापरायचं. टॅबवर काहीही लिहा, उद्या ते बदला, शीट1 तीच राहते. माझ्या सगळ्या मॅक्रोंत आता तेच आहे. तुमच्या फाइलमध्ये ते शीट3 असेल तर तसं लिहा.

आता शीटची मांडणी. कोडला हात लावायच्या आधी हीच दुरुस्त करा, कारण निम्मं काम इथंच होतं. पेढीचं नाव आणि तारीख असलेल्या दोन ओळी आणि मथळ्याची ओळ यांच्यामध्ये मी एक ओळ पूर्ण रिकामी सोडली. मथळे चौथ्या ओळीत गेले, नोंदी पाचवीपासून. बेरीज खालून काढून वर, तारखेच्या ओळीत आणली. अण्णांना आधी हे पटलं नाही, "बेरीज खाली असते" म्हणाले, आणि वहीच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच आहे. पण सौदे चालू असताना शीटच्या शेंड्यावर बेरीज दिसते, खाली दोनशे ओळी उतरत जावं लागत नाही, हे त्यांना दोन दिवसांत आवडलं. टिपणांसाठी उजवीकडं एक कॉलम कोरा सोडून त्याच्या पलीकडं जागा दिली. म्हणजे नोंदींचा एक सलग चौकोन झाला आणि त्याच्या चारी बाजूंना रिकामा बांध आला.

हा बांध महत्त्वाचा, कारण एक्सेलमध्ये करंटरीजन म्हणून एक सोय आहे. एखाद्या सेलपासून चहूकडं पसरत जायचं आणि रिकामी ओळ, रिकामा कॉलम लागला की थांबायचं, असं ते काम करतं. नोंदींत कुठंही उभं राहून कंट्रोल आणि ए दाबा, जेवढा चौकोन निवडला जाईल तेवढा करंटरीजन. पेढीचं नाव मथळ्याला चिकटून असतं तर ते या चौकोनात आलं असतं, एक्सेलनं पेढीच्या नावालाच मथळा मानलं असतं आणि खरे मथळे नोंदींत मिसळून सॉर्ट झाले असते. "गाव" नावाचं गाव यादीत मधेच आलेलं मी पाहिलंय.

मग गावाच्या कॉलमला खूण लावायची. सी4 या मथळ्याच्या सेलवर क्लिक करा. वर डाव्या कोपऱ्यात जिथं "सी4" असं दिसतं, त्या पेटीत क्लिक करून इंग्रजी अक्षरांत गाव असं नाव टाइप करा (जी, ए, ए, व्ही) आणि एंटर मारा. नाव मराठीत दिलं तरी एक्सेल घेतं, पण मॅक्रोत पुन्हा प्रश्नचिन्हं, म्हणून इंग्रजी. शेवटी आकडाही नको. मी एकदा जी-ए-व्ही-1 असं टाकलं तर नाव पडायच्या ऐवजी कर्सर उडी मारून उजवीकडं लांब कुठंतरी गेला. जीएव्ही नावाचा कॉलम खरोखरच असतो, त्यामुळं एक्सेलला तो पत्ताच वाटला.

या नावाचा फायदा असा, की ते सेलला चिकटलेलं असतं. मधे कॉलम घाला, वर ओळ घाला, मथळा कुठंही सरको, नाव त्याच्याबरोबर जातं. मॅक्रोत "सी4" लिहिलं तर पत्ता लिहिला. "गाव" लिहिलं तर माणसाचं नाव लिहिलं, मग तो कुठल्या गल्लीत राहायला गेला त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

एवढं झालं की सगळा मॅक्रो एका ओळीचा होतो. रेकॉर्ड झालेल्या त्या दहा-बारा ओळी, म्हणजे सब आणि एंड सब यांच्यामधलं सगळं, काढून टाका आणि ही एक ओळ लिहा:

शीट1.रेंज("गाव").करंटरीजन.सॉर्ट की1:=शीट1.रेंज("गाव"), ऑर्डर1:=एक्सएलअसेंडिंग, हेडर:=एक्सएलयस

सॉर्टनंतर एक मोकळी जागा, आणि की1, ऑर्डर1, हेडर यांच्यापुढं नुसतं बरोबरचं चिन्ह नाही, विसर्गासारखे दोन टिंब आणि मग बरोबर. ही ओळ वाचायची अशी: गाव नावाच्या सेलभोवतीचा सगळा चौकोन घे, गावाच्या कॉलमवरून चढत्या क्रमानं लाव, पहिली ओळ मथळा आहे. शेवटचा भाग, हेडर, कधी सोडू नका आणि एक्सएलगेस तर अजिबात नको. ते दिलं की मथळा आहे की नाही याचा एक्सेल अंदाज लावतं, आणि आपले मथळे आणि आपल्या नोंदी दोन्ही मराठी शब्दच असतात, मग अंदाज चुकायला किती वेळ?

थांबा, लगेच चालवू नका. आधी त्याच ओळीतला सॉर्टपासूनचा भाग काढून त्या जागी सिलेक्ट लिहा:

शीट1.रेंज("गाव").करंटरीजन.सिलेक्ट

ती शीट समोर ठेवून ऑल्ट-एफ8नं हा मॅक्रो चालवा. काही हलणार नाही, फक्त मॅक्रोला जेवढा चौकोन दिसतो तेवढा निवडून दाखवला जाईल. खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बघा. शेवटचा शेतकरी आत आहे का? मोबाईल नंबर आत आहेत का? बेरीज बाहेर आहे का? तीनही उत्तरं हवी तशी आली की मगच सिलेक्ट काढून सॉर्ट लिहायचं. मला त्या रात्री हे एक सुचलं असतं तर तीन फोन वाचले असते.

हे ज्या शीटवर चालत नाही ती शीट म्हणजे जिच्यात मधेच रिकामी ओळ आहे. आमच्याकडं सकाळचे सौदे आणि दुपारी उशिरा आलेल्या गाड्या यांच्यात भाचा हौसेनं एक ओळ कोरी सोडायचा, "बघायला बरं दिसतं" म्हणून. करंटरीजन त्या ओळीशी थांबतं, दुपारचे शेतकरी बाहेरच. त्याला मी ओळ सोडायची बंद करायला लावली, तो सरळ मार्ग. पण काही शीट दुसऱ्याच्या असतात, त्यांच्यात आपलं चालत नाही. तिथं तळातून वर यायचं. शीटच्या अगदी शेवटच्या ओळीवर जाऊन कंट्रोल आणि वरचा बाण दाबला की कर्सर थेट शेवटच्या भरलेल्या सेलवर येऊन थांबतो, मधल्या रिकाम्या ओळी त्याला आड येत नाहीत. मॅक्रोत हेच असं:

डिम शेवट ॲज लाँग
डिम कड ॲज लाँग
शेवट = शीट1.सेल्स(शीट1.रोज.काउंट, 2).एंड(एक्सएलअप).रो
कड = शीट1.सेल्स(4, शीट1.कॉलम्स.काउंट).एंड(एक्सएलटूलेफ्ट).कॉलम
शीट1.रेंज(शीट1.सेल्स(4, 1), शीट1.सेल्स(शेवट, कड)).सॉर्ट की1:=शीट1.रेंज("गाव"), ऑर्डर1:=एक्सएलअसेंडिंग, हेडर:=एक्सएलयस

शेवट आणि कड हे माझे शब्द, तुम्ही काहीही ठेवा, फक्त इंग्रजी अक्षरांत. रोज.काउंट लिहायचं कारण, एक्सेलच्या जुन्या 2003पर्यंतच्या फाइलला 65,536 ओळी असतात आणि 2007पासून 10,48,576. आकडा आपण लिहायचा नाही, शीटला विचारायचा. दोन हा आकडा म्हणजे बी कॉलम, शेतकऱ्याचं नाव. तोच का? कारण नाव नाही अशी नोंद आमच्याकडं नसतेच. दराचा कॉलम सौदा होईपर्यंत कोरा असतो, मोबाईल नंबर कित्येकांचे नसतात. शेवट शोधायला कायम भरलेला कॉलम घ्या, नाहीतर शेवटचे तिघे सुटतील. चार म्हणजे मथळ्याची ओळ, तिच्यावरून उजवीकडची कड कळते. इथं मात्र बांधापलीकडच्या टिपणांना चौथ्या ओळीत मथळा देऊ नका, नाहीतर कड तिथवर जाईल.

वरच्या डिमच्या ओळींत लाँग आहे, तो मोठे आकडे मावणारा प्रकार. त्याच्या जागी बऱ्याच जुन्या कोडमध्ये इंटिजर दिसतं. इंटिजरची धाव 32,767 पर्यंत. रोजच्या आवकीला पुरेल, पण वर्षभराच्या नोंदी एका शीटवर साठवणाऱ्याचा मॅक्रो एके दिवशी "ओव्हरफ्लो" म्हणून आडवा होतो.

आणि प्रत्येक सेल्सच्या मागं शीट1 आहे ते उगाच नाही. ते गाळलं तर त्या क्षणी जी शीट समोर उघडी असेल तिचे सेल धरले जातात. समोर आवक उघडी असताना मॅक्रो चालतो, पट्टीची शीट उघडी असताना तोच मॅक्रो 1004 नंबरची एरर देतो. "कधी चालतंय कधी नाही" अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. दहापैकी आठ वेळा तिथंच असतं.

फिल्टर. भाच्यानं कागलच्या नोंदी बघायला फिल्टर लावला आणि तसाच सोडला. फिल्टरमध्ये सॉर्ट केलं की दिसणाऱ्या ओळीच हलतात, लपलेल्या जागेवर राहतात. शिवाय तळातून वर येणारा कर्सर शेवटच्या दिसणाऱ्या ओळीवर थांबतो, त्याखालच्या लपलेल्या त्याला मोजता येत नाहीत. म्हणून मॅक्रोची पहिलीच ओळ ही ठेवली:

इफ शीट1.फिल्टरमोड देन शीट1.शोऑलडेटा

नुसतं शोऑलडेटा लिहू नका. फिल्टर नसताना ते एरर देतं, म्हणून आधी ते इफ.

मर्ज केलेले सेल नोंदींत असतील तर सॉर्ट होतच नाही, सगळे मर्ज सेल सारख्या मापाचे हवेत म्हणून एक्सेल अडून बसतं. मर्ज काढा. एवढंच.

प्रकाराचा कॉलम मात्र थोडा निवांत सांगण्यासारखा आहे. आमच्याकडं 30 किलोचा रवा येतो, 10चा येतो, 5चा येतो, आणि दुकानात ठेवायला 1 किलोचाही. मी कॉलममध्ये "30 किलो", "5 किलो" असं लिहीत होतो. अण्णा म्हणाले, लहानापासून मोठ्यापर्यंत लाव. लावलं, तर क्रम आला 1 किलो, 10 किलो, 30 किलो, 5 किलो. पाचाच्या आधी तीस! रेंज बरोबर, मॅक्रो बरोबर, तरी उत्तर चूक. "किलो" लिहिलं की तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि शब्द पहिल्या अक्षरावरून लागतात. सेलमध्ये नुसता 30 लिहायचा आणि "किलो" हा शब्द दिसण्यापुरता फॉरमॅटमधून आणायचा: फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडून शून्य, मोकळी जागा आणि अवतरणात किलो. दिसतं तेच, पण आत आकडा असतो. तारखांचंही तसंच. सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली तारीख दिसली की तिच्यावर संशय घ्या, ती बहुतेक शब्द होऊन बसलेली असते. आणि गावाच्या नावामागं चुकून पडलेली मोकळी जागा तर दिसतसुद्धा नाही. सॉर्ट झाल्यावर एकाच गावाचे दोन गट पडले की समजायचं, काहींच्या मागं शेपूट आहे.

आता जे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. मॅक्रो चालला की कंट्रोल-झेड निकामी होतो, केलेलं मागं घेता येत नाही. त्यामुळं ए कॉलममधला अनुक्रमांक हाच आपला परतीचा रस्ता. तो ओळीवरून काढणाऱ्या सूत्रानं आणू नका, कारण सॉर्ट झालं की सूत्र नव्या जागेप्रमाणे नवा आकडा देतं आणि रस्ता पुसून जातो. नोंद करतानाच आकडा टाइप करा. मथळ्याच्या सेलला अनुक्रम असं नाव देऊन त्यावरून लावणारा दुसरा एक ओळीचा मॅक्रो केला, दुसरं बटण केलं, "मूळ क्रम" असं लिहिलं. गाड्या ज्या क्रमानं आल्या तो क्रम एका क्लिकमध्ये परत. शिल्लक पुढं ओढत नेणारा कॉलम, ज्यात प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर अवलंबून असते, तो मात्र या चौकोनात ठेवूच नका. सॉर्टनंतर वरची ओळ दुसऱ्याचीच असते.

पुढं अण्णांनी आणखी एक काढलं. त्यांना गावं अक्षरांप्रमाणे नकोच होती, टेम्पोच्या वाटेनं हवी होती. रिकामे बॉक्स पोचवायला गाडी गगनबावडा रस्त्यानं जाते तर बालिंगा, मग कळे, मग साळवण, असं यादीत दिसलं पाहिजे. अक्षरांप्रमाणे कळे आधी येतं आणि ड्रायव्हर वैतागतो. गावाच्या शेजारी एक कॉलम घातला, वाट क्रमांक: 101, 102, 103 असा, शेकडा रस्त्याचा आणि पुढचा आकडा गावाचा. मथळ्याच्या सेलला नाव दिलं वाट. मॅक्रोत की1मध्ये वाट आणि त्याच्यापुढं की2:=शीट1.रेंज("बॉक्स"), ऑर्डर2:=एक्सएलडिसेंडिंग. बॉक्स हे रव्यांच्या कॉलमला दिलेलं नाव, म्हणजे एका गावात जास्त रव्यांचा शेतकरी वर. अशा तीन कीपर्यंत ही एक ओळीची पद्धत पुरते. हा कॉलम मी मुद्दाम मधे घातला, जी गोष्ट करायला आधी भीती वाटायची. चौकोन स्वतःहून रुंद झाला, नावं सरकली, मोबाईल नंबर आपापल्या माणसाबरोबर राहिले. त्या संध्याकाळी पट्ट्या पाठवल्यावर मी तासभर फोन हातात धरून बसलो होतो. एकच आला, आणि तो घरून, येताना दूध आणा म्हणून.

नवीन शीट करायची असेल तर नोंदी निवडून कंट्रोल-टी दाबून टेबलच करा. खाली नोंद टाइप केली की टेबल स्वतः वाढतं, आणि मॅक्रोत करंटरीजनच्या भानगडीत न पडता शीट1.लिस्टऑब्जेक्ट्स(1).रेंज असं लिहिलं की झालं, पुढचं सॉर्ट, की1, हेडर सगळं तसंच. आमच्या आवकीच्या शीटवर मी ते केलं नाही याचं कारण तांत्रिक नाही. टेबलाचे निळे पट्टे बघून अण्णा म्हणाले, "हे बँकेसारखं दिसतंय, काढ."

फाइल सेव्ह करताना एक्सएलएसएम हा प्रकार निवडायचा, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही. आणि नव्या हंगामासाठी जुन्या फाइलची प्रत काढाल तेव्हा नोंदी निवडून डिलीटची कळ दाबा, आतला मजकूर जाईल. ओळीच्या ओळी उडवताना मथळ्याची ओळ त्यात गेली तर तिच्यावरची नावंही तुटतात, आणि मॅक्रो गाव शोधत बसतो. गेल्या पाडव्याच्या आदल्या रात्री भाच्यानं नेमकं तेच केलं. पाच मिनिटांचं काम होतं, चार सेलना परत नावं दिली, सिलेक्टनं चौकोन बघितला. सकाळी सौदे निघाले तेव्हा 61 नोंदी झाल्या होत्या.